माळवदावरची तार

किशनरावांच्या घरी फोन आला तेव्हा बोरीत मोजून अकरा फोन होते, आणि त्या अकरांत सगळ्यात मोठ्यानं बोलला जाणारा फोन किशनरावांचा. माणूस औरंगाबादला आहे म्हणजे आवाजही तिथवर आपणच पोचवायचा, अशी त्यांची पक्की समजूत होती. फोन सदरेत असायचा, त्यांच्या लोडाशेजारी, विणलेल्या रुमालाखाली. देवावरसुद्धा घरात एवढं झाकण नव्हतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुग्रीव औरंगाबादला कारखान्यात होता. रविवारी सकाळी नऊला त्याचा फोन यायचा. आधी किशनराव बोलत. कापूस, बैलाचं खूर, पाटाचं पाणी. मग नर्मदाबाई बोलत, म्हणजे जेवलास का हे तीन वेळा विचारत. मग "घे, तुझं घे" म्हणून रिसीव्हर सुनेच्या हातात येई. आणि देऊन झाल्यावर दोघंही जागचे हलत नसत. सासरा पान जुळवत बसे, सासू वात वळत बसे, आणि पंचफुला डोक्यावरचा पदर धरून बोले, "हूं. बरी हाय. जेवले. हूं." लग्नाला चार वर्षं झाली होती. त्यातली निम्म्याहून जास्त या हूंमध्ये गेली.

तिला नवऱ्याला पुष्कळ सांगायचं होतं. त्यात जगावेगळं काही नव्हतं. पण सासऱ्याच्या समोर ते सांगता येत नव्हतं आणि पत्र लिहावं तर येणारं प्रत्येक पत्र सदरेत मोठ्यानं वाचलं जाई. एवढ्या मोठ्या घरात, पाच खणांच्या, एक वाक्य ठेवायला जागा नव्हती.

त्र्याण्णवच्या दिवाळीला सुग्रीव आला तो बिनतारी फोन घेऊन. कारखान्यातल्या कुणाच्या भावानं दुबईहून आणलेला. एक डबा भिंतीशी ठेवायचा, त्याला तारा जोडायच्या, आणि बोलायचं यंत्र हातात घेऊन खुशाल कुठंही फिरायचं. बापाला त्यानं सांगितलं, "दादा, आखाड्यावर असलात तरी फोन घेता येईल." आखाडा म्हणजे त्यांच्या शेतातली गोठ्याची जागा, घरामागं दीडशे पावलांवर. किशनरावांना हे पटलं. सैपाकघरात पाणी प्यायच्या निमित्तानं आत येऊन तो बायकोला म्हणाला, "आता तुला परसात जाऊन बोलता येईल बघ." खरं कारण एवढंच होतं.

पण ते यंत्र सदरेच्या उंबऱ्यापर्यंत नीट बोले आणि उंबरा ओलांडला की खरखरायला लागे. सुग्रीवनं दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी सुट्टी संपली आणि तो पहिल्या येष्टीनं निघून गेला. डबा आणि त्याच्यासोबतचं इंग्रजी पुस्तक पंचफुलाकडे राहिलं. ती जिंतूरला दहावीपर्यंत शिकलेली. घरात इंग्रजी वाचणारी तीच, त्यामुळे काम आपोआप तिच्यावर आलं. किशनरावांना त्यात कमीपणा वाटला नाही, उलट आल्यागेल्याला ते सांगत, "आमची सून इंजिनेर हाय."

चार दुपारी ती शब्दकोश मांडीवर घेऊन बसली. डब्याच्या खाली आणि यंत्राच्या पाठीत बारीक पांढरी बटणं होती, आठ-आठ. कुठली वर, कुठली खाली, हे आपण ठरवायचं आणि दोन्हीकडे सारखं ठेवायचं. मग दुसऱ्या कुणाचं यंत्र आपल्या लाईनीत शिरू शकत नाही. तिनं केसातल्या आकड्यानं ती बटणं लावली. लांबवर बोलता यावं म्हणून डब्याच्या एरियलच्या काडीला एक तांब्याची तार जोडून माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर, नेली आणि तिथं उभ्या केलेल्या बांबूवर चढवली. हे पुस्तकात नव्हतं. हे तिनं गावातले टीव्हीचे बांबू पाहून केलं. यंत्र घेऊन ती परसात गेली, कडब्याच्या गंजीपर्यंत गेली, आखाड्यावर गेली. आवाज स्वच्छ.

"दुसऱ्याच्या फोनात आपली लाईन घुसनार न्हाई ना?" किशनरावांनी विचारलं.

"न्हाई मामा, कुलूप हाय त्याला."

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आणखी एक वाक्य होतं. हे कुलूप फक्त लाईन वापरण्यापुरतं आहे. बोलणं मात्र दुसऱ्या यंत्रावर ऐकू जाऊ शकतं. तिनं ते दोनदा वाचलं. तिला त्याचा अर्थ चांगला कळला. पण बोरीत असलं दुसरं यंत्र आहे कुणाकडे? तिनं पुस्तक मिटून ट्रंकेत टाकलं, आणि रुमालात गुंडाळलेला जुना काळा फोनही त्याच ट्रंकेत गेला.

त्यानंतरचे नऊ रविवार पंचफुलाच्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे सरळ सांगून टाकतो. सासू-सासऱ्याचं बोलून झालं की ती यंत्र घेऊन गंजीमागं जाई. पहिल्या रविवारी ती तिथंही हूं हूं करत राहिली. सवय होती. सुग्रीव हसला. मग हळूहळू तिला बोलता यायला लागलं. आत्याबाई, म्हणजे तुमची माय, घोरतात आणि मी घोरते असं सांगतात. मला एकदा तुमच्यासोबत बाहेर बसून भजी खायची आहेत. मला तिकडं यायचंय, एक खोली घ्या, फार नको, एक खिडकी हवी, आणि खिडकीखाली मोरी नको. तो म्हणे, बघायलोय. ती म्हणे, खिडकी नक्की बघा. एकदा ती असलं काही बोलली की दिवसभर तिचे कान गरम राहिले. ते इथं सांगायचं कारण नाही, गावानं ते पुरेसं सांगितलं.

संक्रांतीला कासारीण आली. पंचफुलानं हिरव्या बांगड्या भरल्या, हाताला डझन डझन. त्या वर्षी संक्रांतीच्याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं. गावात दोन गट दोन बाजूंना बसून होते आणि रस्त्यांवर पोलीस होते. दुसरा दिवस कर. करीला आमच्याकडे कुणी चांगलं काम काढत नाही, बाया तुरी निवडत बसतात.

सकाळी दहाच्या सुमाराला किशनराव आखाड्यावरून आले. नेहमी डुलत चालत येणारा माणूस सरळ आला. धोतर बदललं, पागोटं घातलं. "सुग्रीवला जरा लागलंय," ते खुंटीकडे बघत म्हणाले. "जाऊन येतो."

"लय लागलंय का?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"न्हाई. जरा."

पंचफुला दारात उभी होती. तिच्याकडे न बघता ते तिच्या बाजूनं बाहेर पडले, जिंतूरकडे जाणारी जीप थांबवली आणि गेले. नर्मदाबाई म्हणाल्या, "पाय मोडला आसंल." पंचफुलानं चुलीवरचं दूध उतरवलं. दूध उतरवून ती वळते तोवर गल्लीतल्या बाया दारातून आत येत होत्या. सगळ्यांत पुढं शेजारची बायनाबाई. तोंडाला पदर, अनवाणी. अशा चालीनं बाया एकाच कामाला येतात.

आता हे समजून घ्यायला हवं. आमच्याकडे मेल्याची बातमी मेला म्हणून कुणी धाडत नाही. धाडणाऱ्याची जीभ रेटत नाही आणि ऐकणाऱ्याला प्रवास करायचा असतो. म्हणून निरोप असा येतो की तब्येत जास्त आहे, लवकर या. ऐकणाराही पुढं काही विचारत नाही, मुकाट्यानं निघतो. सगळ्यांना सगळं कळलेलं असतं. त्यामुळे खरोखरच ज्याची तब्येत जास्त आहे त्याच्यासाठी आम्ही निरोपच शिल्लक ठेवलेला नाही.

औरंगाबादहून सुग्रीवच्या दोस्तानं, लिंबाजीनं, आखाड्यावर किशनरावांना फोनवर सांगितलं होतं, सुग्रीवचा अपघात झालाय, लय सिरियस आहे, निघून या. किशनरावांनी विचारलं होतं, खरं सांग. लिंबाजी म्हणाला होता, खरंच सिरियस हाय दादा. यावर किशनरावांनी काय समजायचं ते समजून घेतलं. बायांनीही तेच समजून घेतलं.

"तुमाला कोनी सांगितलं?" पंचफुलानं विचारलं.

 नर्मदाबाईंनी एकदा बायनाबाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा जो आवाज फुटला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले आणि खांबावर आपटले. हे त्यांनी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पोराची आई होती ती, हाताला जे सापडलं ते आपटलं. पण दोनदा आपटले, तीनदा आपटले, बांगड्या फुटल्या, आणि मग कुणीतरी म्हातारी म्हणाली की अर्धं ठेवू नये, म्हणून राहिलेल्या दोनही फोडल्या. कुंकू पुसलं. मंगळसूत्राला एकीनं हात घातला तेव्हा दुसरी म्हणाली, "ते मढं आल्यावर." हात मागं गेला.

पंचफुलाला दुखलं नाही. मनगटावर रक्ताचा ओरखडा होता, तो तिला दिसत होता, दुखत नव्हता. तिला कोपऱ्यात बसवलं. ती बसली. बायनाबाईनं तिला छातीशी धरलं आणि आमच्याकडच्या रीतीनं, मेल्याचं एकेक आठवून, सूर लावला. कसा राजावानी चालायचा, कसा माय म्हणून हाक मारायचा. आणि मग त्याच सुरात, "तुझी खोली राह्यली गं माझ्या बाई. येक खिडकी मागितली व्हतीस गं. मोरी नको म्हनली व्हतीस."

पंचफुलानं मान वर केली. समोर बसलेल्या बायांतल्या दोघी-तिघी डोळे पुसत मान हलवत होत्या. त्यांनाही खिडकी ठाऊक होती.

"तुमाला कोनी सांगितलं?" तिनं पुन्हा विचारलं. प्रश्न तोच होता.

बायनाबाई रडता रडताच म्हणाली, "आमच्या रेडूवर येतंय की पोरी. काटा पार उजवीकडं न्हेला की. दिवाळीपासून येतंय." तिच्या बोलण्यात चोरी केल्याचा भाव नव्हता. पाटाला पाणी आलं असं सांगावं तसं तिनं सांगितलं. रविवारी सकाळी गल्लीतल्या बाया तिच्या ओसरीवर निवडण-टिपण घेऊन बसत. दिवाळीपासून तिनं काटा हलवलाच नव्हता. माळवदावर बांबूवर चढवलेली तांब्याची तार पंचफुलाचे नऊ रविवार घरोघर पोचवत होती, आणि ती तार पंचफुलानं स्वतः चढवली होती.

तिला लाज वाटायला हवी होती. राग यायला हवा होता. नवरा मेलाय म्हणतात, तर दुःख तरी यायला हवं होतं. तिनं आत चाचपून पाहिलं. काहीच हाताला लागलं नाही. ती नुसती बसून राहिली आणि बायनाबाईच्या लुगड्याचा हळदीचा डाग बघत राहिली. "रडंना झालीय," कुणीतरी म्हणालं. "रडवा तिला, न्हाईतर धसका घेईल." तिला रडवायचा प्रयत्न झाला.

तेवढ्यात फोन वाजला. म्हणजे भिंतीजवळचा डबा वाजला. नर्मदाबाई उठून बोलायचं यंत्र शोधायला लागल्या. लोडाखाली नाही, देवळीत नाही, आखाड्यावर एक बाई धावत जाऊन आली, तिथं नाही. मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. ते किशनरावांच्या कोपरीच्या खिशात होतं आणि किशनरावांसोबत जीपमध्ये बसून निघून गेलं होतं. डबा वाजत राहिला. सगळ्या बाया त्याच्याकडे बघत राहिल्या. तो थांबला. अर्ध्या तासानं पुन्हा वाजला आणि पुन्हा थांबला.

पंचफुला उठली. "बस पोरी, उठू नये," म्हणून दोघींनी धरलं. ती हात सोडवून ट्रंकेकडे गेली आणि जुना काळा फोन काढला. सासूच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला, भिंतीवरच्या पेटीतून बिनतारी डब्याच्या तारा उपटल्या, जुन्या फोनच्या तारांचं वरचं आवरण अडकित्त्यानं सोललं आणि दोन्ही तारा पेटीच्या स्क्रूखाली पिळून बसवल्या. हात थरथरत नव्हते. बघणाऱ्या बायांना तेच फार भयंकर वाटलं, असं पुढं त्या सांगत. मग ती फोनजवळ जमिनीवर बसली. लिंबाजीचा नंबर तिला ठाऊक नव्हता, म्हणून वाट बघण्यावाचून काही करता येत नव्हतं.

तासाभरानं फोन वाजला.

"वहिनी, मी लिंबाजी. किती येळचा लावायलोय. दादा निघाले का?"

"निघाले."

"सुग्रीव शुदीवर आलाय. मांडीचं हाड मोडलंय, आपरेशन करनार हायेत. जिवाचा धोका टळला म्हनले डाक्टर."

"मला त्यांच्यासंग बोलू द्या."

"फोन खाली हाय वहिनी, त्यो वरच्या वार्डात हाय. हलवता येत न्हाई त्याला."

"भाऊजी, खरं सांगा."

"खरंच सांगायलोय."

तिनं फोन ठेवला. "जिते हायेत," ती म्हणाली. "शुदीवर आलेत. मांडी मोडलीय."

 मग बायनाबाई जवळ आली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तसंच सांगत्येत माय." नर्मदाबाईंनी एक क्षण डोळे मोठे केले होते, ते पुन्हा भरून आले. "त्यानं बोलू दिलं का तुला सुग्रीवसंग?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"बघ."

पंचफुलाला त्यांच्यावर चिडता आलं नाही, कारण ती याच मुलखात वाढली होती. तिचा बाप गेला तेव्हा त्याला ताप जरा जास्त आहे असं सांगून तिला येष्टीत बसवलं होतं, आणि सोबतच्या माणसानं शेवटपर्यंत तेच सांगितलं होतं, अगदी घरासमोरची तिरडी दिसेपर्यंत. लिंबाजीचा आवाज तिनं आठवून पाहिला. खरं बोलणाऱ्याचा होता. पण खोटं सांगणाराही असाच बोलतो. ती परत कोपऱ्यात जाऊन बसली. बांगड्यांचे तुकडे कुणीतरी सुपात भरून परसात टाकले. कुंकू परत लावावं असं कुणाला सुचलं नाही, आणि तिलाही सुचलं नाही. दुपारी बायांनी आपापल्या घरून भाकरी आणल्या, कारण अशा घरात चूल पेटवत नाहीत. दिलेली भाकरी तिनं खाल्ली.

किशनरावांची जीप रस्त्यात चार ठिकाणी पोलिसांनी थांबवली होती. ते दवाखान्यात पोचले ते संध्याकाळी, खिशात दीडशे पावलांपलीकडे मुकं होणारं ते यंत्र घेऊन. त्यांनी पोराला पाहिलं आणि भिंतीला टेकून तिथंच बसले. ते तिथून उठले नाहीत, म्हणून फोनवर निरोप बोरीला आला तो दुसऱ्याच्या तोंडून, आणि त्यावर निम्म्या गल्लीनं विश्वास ठेवला, निम्मीनं नाही. नर्मदाबाई दोन्हीकडे होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नऊ वाजता काळा फोन वाजला. नर्मदाबाईंनी घेतला आणि कानाला लावला. "माय म्हनला," त्या सगळ्यांना सांगायला लागल्या. "माय म्हनला मला." त्याला चाकाच्या खाटेवर निजवून खाली आणला होता. त्या रडल्या, हसल्या, जेवलास का विचारलं, तीन वेळा. बाया दारात गोळा झाल्या. बायनाबाई आपल्या घरी पळाली आणि हिरमुसली होऊन परत आली. रेडिओवर नुसती खरखर होती. तारेवरचं बोलणं तारेतच राहिलं होतं.

मग नर्मदाबाईंनी सुनेकडे पाहिलं. तिचे मोकळे हात पाहिले. कालपासून त्यांनी ते पाहिले नव्हते. त्यांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला, आणि चार वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. "चला गं समद्या भाईर," त्या म्हणाल्या. त्यांनी बायांना सदरेतून बाहेर काढलं, स्वतः बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. पावलं ओसरीवरून लांब गेल्याचं ऐकू आलं.

"मारलात म्हने मला तुमी," सुग्रीवचा आवाज बारीक होता, पण हसत होता. "कोन कोन हाय तिथं?"

"कोनी न्हाई."

"सदरेतून बोलायलीस अन् कोनी न्हाई?"

"खरंच कोनी न्हाई. भाईर गेल्या समद्या."

"मग बोल की."

तिनं तोंड उघडलं. हा तिचा नवरा होता, जिवंत होता, आणि त्याचा श्वास तिला तारेतून ऐकू येत होता. तो जिवंत आहे हे तिला पटलं होतं. चांगलं झालं, असंही वाटलं, शेजारणीच्या घरचं माणूस वाचलं तर वाटावं तेवढं. सांगायच्या गोष्टी तिनं एकेक काढून पाहिल्या. खोली. खिडकी. भजी. प्रत्येकीला बायनाबाईचा सूर लागून आला. नवीन गोष्ट कुठली उरली होती ते तिला आठवेना.

"हूं," ती म्हणाली.

"खोली बघितलीय म्या," तो म्हणाला. "अपघाताच्या आदल्या दिवशीच. खिडकी हाय. पंचफुले, ऐकायलीस ना?"

"हूं."

"काय झालं गं? हॅलो? लाईन गेली का?"

"न्हाई," ती म्हणाली. "लाईन चांगली हाय."